हात सोड, सदा

माझं शेवटचं समुद्रावरचं पोस्टिंग एका सर्व्हे जहाजावर झालं. तिथे जे घडलं ते मी आजवर एकाच माणसाला पुरतं सांगितलं. ती माझी बायको, शेवंता. ती मागच्या थंडीत इथे इंग्लंडात, वॉटफर्डला वारली. आता ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितोय. मंडळाच्या अंकवाल्यांनी फोन केला होता, "काका, नेव्हीच्या गमतीजमती लिहा." गमती नाहीत. छापायचं तर छापा.

मी काशिनाथ. सातवी पास. शुद्धलेखन सूनबाई बघेल. बाकी कोणी हात लावू नये.

मी टेलिग्राफिस्ट होतो. म्हणजे मोर्स. कानाला हेडफोन, हाताखाली की, म्हणजे मोर्स ठोकायची कळ, आणि दिवसभर डिड-डा डिड-डा. मोर्समध्ये माणसाचा आवाज नसतो, पण माणूस कळतो. कोण घाईत आहे, कोण रात्रीचा चढवून आलाय, सगळं त्याच्या पाठवण्यावरून कळतं. सदाचं पाठवणं मी हजारात ओळखलं असतं. शेवटच्या अक्षरावर तो जरा रेंगाळायचा, जेवण झाल्यावर पानावरून उठायला आळस करावा तसा.

सदा म्हणजे लीडिंग टेलिग्राफिस्ट सदाशिव, श्रीवर्धनचा. माझ्याच बॅचचा. जहाजावर त्याचा बंक माझ्या डोक्यावर होता. तो वरून पाय सोडून बसायचा आणि त्याच्या टाचा माझ्या तोंडासमोर यायच्या. "काश्या, नमस्कार कर, पाय समोरच आहेत," म्हणायचा.

आमचं जहाज समुद्राची खोली मोजायचं. त्यावरून नकाशे व्हायचे. त्या मोसमात काम खंभातच्या आखातात होतं. तिथलं पाणी ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ओहोटीला समुद्र पुरातल्या नदीसारखा पळतो. मध्ये गाळाचे आणि वाळूचे उंचवटे आहेत, त्यांना बँक म्हणतात. बँकेवर पाणी फुटतं, आणि आज इथे असलेली बँक पुढच्या वर्षी तिथे असते. मोठं जहाज तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून जहाज खोल पाण्यात उभं करायचं आणि लहान मोटारबोटी उथळात पाठवायच्या.

बोट आणि जहाज बोलणार कसं? तोपर्यंत झेंडे होते आणि दिवा होता. दिसेनासं झालं की बोलणं संपलं. त्या वर्षी वरून हुकूम आला, लहान बोटीत बोलायचा वायरलेस बसवून बघा. मोठ्या जहाजांवर तसले सेट आधीपासून होते. लहान बोटीत, खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात ते चालतात का, आवाज किती दूर जातो, हा प्रयोग होता. तो आमच्या वाट्याला आला. एक सेट बोटीत, एक जहाजाच्या वायरलेस ऑफिसात. बोटीत सदा, जहाजावर मी.

आम्हा मोर्सवाल्यांना त्यात काही मोठेपण वाटलं नाही. सदा म्हणाला, "नऊ महिने बोटं झिजवून मोर्स शिकलो. आता नुसतं तोंड असलं की झालं. उद्या बाजारातली मासेवालीसुद्धा टेलिग्राफिस्ट होईल."

मी म्हटलं, "ती तुझ्यापेक्षा लांब ऐकू जाईल."

पहिल्या दिवशी बोट नजरेआड गेली. मी हेडफोन लावून बसलो. आमचा लेफ्टनंट माझ्या मागे उभा होता. पंजाबी होता, तापट, पण मनाने बरा. खरखर झाली आणि आधी खोकला ऐकू आला. सदाचाच खोकला. मग, "बनियन, धिस इज बनियन वन. रेडिओ चेक. ओव्हर."

लाईनवर जहाजाचं नाव बनियन, म्हणजे वड, आणि बोटीचं बनियन वन. नियमाप्रमाणे मी लगेच उत्तर द्यायचं. मी नुसता बसून राहिलो. समुद्रापलीकडून ओळखीचा माणूस खोकतोय, हे पहिल्यांदा कानात येतं तेव्हा काय होतं ते आताच्या पोरांना कळायचं नाही.

लेफ्टनंट खेकसला, "जवाब दो! बारात देखने आए हो क्या?"

तो सेट आताच्या फोनसारखा नव्हता. हँडसेटला एक बटन होतं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. एकाने दाबून धरलं की लाईन त्याची. तेवढा वेळ त्याला काही ऐकू येत नाही आणि दुसऱ्याचं काही पोचत नाही. म्हणून बोलून झालं की ओव्हर म्हणायचं आणि अंगठा उचलायचा.

सदाला हे येत होतं. हे मी मुद्दाम लिहितो. नंतर काही जणांनी त्याला येत नव्हतं असं म्हटलं, ते खोटं आहे. महिनाभर तो रोज बोलत होता आणि एकदाही चुकला नाही. उलट आगाऊपणा करायचा. एकदा काम संपल्यावर मराठीत बोलला, "बनियन, आज डाळ पातळ आहे का? ओव्हर." कॅप्टन नेमके ब्रिजवरच्या स्पीकरजवळ उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण डाळ कळली. सदाला शिक्षा झाली, रविवारी डेक घासायची. त्यानंतर लाईनवर फक्त इंग्लिश, असा हुकूम निघाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सिग्नल स्कूलमध्ये आमचा एक इन्स्ट्रक्टर होता, म्हातारा चीफ, जुन्या लढाईतून वाचलेला. तो आम्हाला एक धडा पुनःपुन्हा द्यायचा. जहाज बुडत असेल आणि आपण कुठे आहोत ते सांगता येत नसेल, तर की दाबून धरायची. लांब सलग सूर जातो. त्या सुरावरून दुसरी जहाजं तुमची दिशा काढतात आणि तुमच्यापर्यंत येतात. तो आमचा हात कीवर दाबून म्हणायचा, "हात निकाला, तो तुम मर गया." आम्ही तेव्हा मिसरूड न फुटलेली पोरं. ते वाक्य हाडात गेलं.

मार्चातल्या त्या दिवशी दुपारी बोट बँकेच्या कडेला मोजणी करत होती. बोटीत चौघे. कॉक्सन थॉमस, म्हणजे बोट चालवणारा. स्टोकर मुथ्थू इंजिनवर. सीमन रामअवतार दोरखंडाला. आणि सदा. तीनच्या सुमाराला जमिनीकडून धुळीचा वारा सुटला. आखातात ऊन लागलं की असा वारा येतो. समुद्र, आकाश सगळं एकाच मातकट रंगाचं झालं. बोट दिसेनाशी झाली. आम्ही घाबरलो नाही. वायरलेस कशासाठी होता?

ओहोटी जोरात लागली होती. सदाचा आवाज आला.

"बनियन, धिस इज बनियन वन. इंजिन फेल्ड. टेकिंग वॉटर. व्हिजिबिलिटी निल. पोझिशन नॉट नोन. ओव्हर."

आवाज साफ होता. घाई नव्हती. मी म्हटलं, "बनियन वन, रॉजर. वेट. आऊट."

ब्रिजवर रडार होतं. लेफ्टनंटने बोटीचा ठिपका बघितला आणि माझ्याकडे धावत आला. बोट ओहोटीबरोबर सरळ बँकेकडे चालली होती. पुढे पाणी फुटत होतं. थॉमसला वाटत असणार की आपण अजून नाळेत, म्हणजे बँकांमधल्या खोल वाटेत आहोत. तिथे बोटीच्या नांगराचा दोर तळाला पोचत नाही, म्हणून तो नांगर टाकत नव्हता. आणि सगळे बादल्यांनी पाणी उपसत होते, तर खोली मोजणार कोण? पण नाळ मागेच सुटली होती. बोटीखाली नांगर धरेल एवढंच पाणी होतं. आता नांगर टाकला तर बोट थांबणार होती. दुसरी बोट आम्ही खाली सोडायला घेतलीच होती.

लेफ्टनंट म्हणाला, "बोलो, लेट गो अँकर. अभी."

तीन शब्द. मी बटन दाबणार तोच पुन्हा खरखर झाली.

"बनियन, बनियन वन. टेक माय बेअरिंग. आय अॅम होल्डिंग डाऊन. टेक माय बेअरिंग. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह..."

दहापर्यंत मोजलं. मग दहापासून खाली एकपर्यंत. मग ओव्हर यायला पाहिजे होतं. आलं नाही. पुन्हा वन, टू, थ्री.

मला कळलं. महिनाभर जे बटन तो बोटाच्या टोकाने उडवत होता, ते आता त्याच्या हाताला की वाटत होतं. म्हाताऱ्या चीफने दाबून धरलेला त्याचा हात तो उचलत नव्हता.

आम्हाला त्याची दिशा नको होती. रडारवर तो आम्हाला दिसत होता. शिवाय त्या सेटवरून दिशा काढायचं यंत्र आमच्याकडे नव्हतंच, फक्त प्रयोगाचा सेट होता. आम्हाला त्याचा आवाज नको होता. त्याचे कान हवे होते.

मी बटन दाबलं. "बनियन वन, लेट गो अँकर, लेट गो अँकर, ओव्हर." सोडलं. "...सिक्स, सेव्हन, एट..." त्याच्या कानात काही शिरत नव्हतं.

लेफ्टनंट ओरडला, "उसको बोलो बटन छोड़े!"

मी म्हटलं, "साहेब, छोडेगा तभी तो सुनेगा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सदाला मारलं. मग तो पळत ब्रिजवर गेला. जहाजाचा भोंगा सुरू केला. लांब, सारखा. वारा बोटीकडून आमच्याकडे होता. दुसरी बोट पाण्यात पडली पण ओहोटी आडवी होती. ती हलत होती, पुढे जात नव्हती. कॅप्टनने जहाज बँकेच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेलं. मग तळाशी गाळ ढवळायला लागला. थांबावं लागलं.

मी हेडफोन काढू शकत नव्हतो. माझी ड्यूटी होती. मी बोलत राहिलो आणि ऐकत राहिलो. सदाने आकड्यांच्या मधेमधे बोटीतल्यांना ओरडून सांगितलं, "काढो, काढो पानी." थॉमस काहीतरी म्हणाला, ते मल्याळीत होतं. पाण्याचा आवाज वाढत होता. मोर्समध्ये हे काही ऐकू आलं नसतं. लांब सूर आला असता आणि तुटला असता. सायबांनी जो शोध लावला आणि आपण बोटीत बसवला, त्याने आम्हाला हे दिलं.

मग सदाने इंग्लिश सोडलं.

"काश्या, बेअरिंग मिळाली ना? मी हात काढत नाही. काश्या, ऐकतोयस ना?"

त्याने विचारलं आणि अंगठा तसाच ठेवला. माझं उत्तर जायला जागाच नव्हती. मी तरी ओरडलो. "ऐकतोय रे! हात सोड, सदा! हात सोड!"

"...थ्री, टू, वन. वन, टू..."

मग पाणी फुटल्याचा मोठा आवाज. मग काही नाही. लाईन मोकळी झाली.

आता माझं बोलणं जाऊ शकत होतं. मी तो हुकूम दिला. बनियन वन, लेट गो अँकर, ओव्हर. लेफ्टनंट येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत देत होतो.

बोट उलटी सापडली. थॉमस आणि मुथ्थू दुसऱ्या दिवशी कोळ्यांना मिळाले. रामअवतार आणि सदा मिळाले नाहीत.

चौकशी झाली. मोठे अधिकारी आले. मला विचारलं, आवाज कुठपर्यंत समजत होता? मी म्हटलं, शेवटपर्यंत. प्रयोगाच्या अहवालात तसंच गेलं असं लेफ्टनंटने मला सांगितलं. बोटीतला सेट समाधानकारक, आवाज शेवटपर्यंत स्पष्ट. पुढच्या वर्षी सगळ्या बोटींना सेट आले. मी किनाऱ्यावर बदली मागितली. मिळाली.

सदाची पेटी घेऊन श्रीवर्धनला मीच गेलो. त्याची आई दारात बसून होती, तिने पेटीकडे बघितलंच नाही. बहिणीने पेटी आत घेतली, पाणी दिलं आणि उभ्या उभ्या विचारलं, "दादा काय बोलला?"

मी म्हटलं, "आकडे मोजत होता."

"मग सगळे सांगा."

मी वन, टू सुरू केलं. ती खाली बसली. एकही शब्द मी गाळला नाही. शेवटी मी ते वाक्य सांगितलं, "काश्या, ऐकतोयस ना?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकलं, दादा. आता हात सोड."

वर्षाने आमचं लग्न झालं. ती शेवंता. लोक म्हणाले उपकार म्हणून केलं. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. जगात तिच्या भावाचं शेवटचं बोलणं फक्त माझ्याकडे होतं, आणि ते घेणारी फक्त ती होती.

मग दर वर्षी त्या दिवशी हेच. ना फोटो, ना हार. दुपारी तीनला ती ओट्याशी हात पुसून माझ्यासमोर बसायची. मी मोजायचो. वर आणि खाली. मग वाक्य. मग ती म्हणायची, "ऐकलं, दादा. आता हात सोड." आणि चहा ठेवायची. मुंबईत केलं. मुलाने इकडे आणल्यावर वॉटफर्डच्या किचनमध्ये केलं. सून पहिल्यांदा घाबरली, मग तिला सवय झाली. निरोप मिळाला असं समोरचा म्हणत नाही तोवर निरोप पोचलेला नसतो. आमच्या धंद्याचा नियम आहे. शेवंता न शिकता पाळत होती.

एरवी ती माझी टिंगल करायची. मला बोलून झालं की थांबायची सवय लागली होती आणि समोरचा थांबल्याशिवाय मी बोलत नाही. बायकांना सांगायची, "यांच्याशी भांडायचं तर ओव्हर म्हणावं लागतं. नाहीतर आपलं उकळतं आणि हे नुसते बघत बसतात."

मागच्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटलात तोंडावर मास्क लावला. शेवटच्या दुपारी नर्स म्हणाली, "कीप टॉकिंग टू हर, शी कॅन हिअर यू." केरळची पोरगी होती, थॉमसच्या गावाकडची असेल, विचारलं नाही. मी शेवंताचा हात दाबून धरला आणि बोलत राहिलो. श्रीवर्धन, मुंबई, पोरगा लहान असतानाचं, तिने केलेली वालाची उसळ. थांबलो तर ती जाईल असं वाटलं. मास्कखाली तिचे ओठ दोनदा हलले. मी बोलतच होतो. काय म्हणाली ते मला माहीत नाही. तिसऱ्यांदा हलले नाहीत.

त्यानंतर मी घरात बसून असायचो म्हणून नात रिया मला फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या एका नेव्हीच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. ती कौन्सिलमध्ये नोकरी करते, इथेच जन्मली. तिकडे जुने सेट मांडले होते. शंभरावर वर्षांपूर्वी सायबांच्या नेव्हीने तारेशिवाय जहाजावरून आवाज पाठवायचा प्रयोग केला, त्या काळचे. पाटीवर लिहिलं होतं की बरेच कॅप्टन तेव्हा म्हणाले, झेंडे बरे आहेत, आवाजावर भरवसा नाही. मला ते कॅप्टन आवडले.

एका कोपऱ्यात लोकांसाठी दोन हँडसेट ठेवले होते. रिया पलीकडच्या टोकाला गेली.

"आजोबा! मी ऐकू येते का? हा मशीन किती क्यूट आहे ना? आजोबा, समथिंग बोला ना! तुम्ही बोलत का नाही? हॅलो?"

ती बोलत होती आणि बटन सोडत नव्हती. काचेतून मला तिचा अंगठा दिसत होता, दाबून पांढरा पडलेला. मी हँडसेट तोंडाशी धरून उभा होतो.

तिथे एक म्हातारा गोरा व्हॉलंटियर होता, टाय लावलेला. तो तिला म्हणाला, "थम्ब ऑफ, लव्ह. लेट द पुअर मॅन आन्सर."

तिने अंगठा उचलला. लाईन मोकळी झाली. माझा अंगठा बटनावर होता, मी तो दाबला नाही. व्हॉलंटियर माझ्याकडे आला, माझ्या हातातला हँडसेट कसा धरलाय ते बघितलं आणि म्हणाला, "स्पार्कर, वेअर यू?" आमच्या धंद्यातल्या माणसाला तिकडे तसं म्हणतात. मी मान हलवली. त्याने एक खुर्ची आणून ठेवली आणि निघून गेला. भला माणूस.

गाडीत रिया म्हणाली, "आजोबा, मी काय चूक केली का?"

मी म्हटलं, "नाही गं. सगळे असंच धरतात."

यंदा मार्चात तो दिवस आला. मुलगा आणि सून कामावर होते. तीनला मी किचनमध्ये बसलो. समोरची खुर्ची बाहेर ओढून ठेवली होती, का ते माहीत नाही.

कॉक्सन थॉमस. स्टोकर मुथ्थू. सीमन रामअवतार. लीडिंग टेलिग्राफिस्ट सदाशिव. आणि त्याची बहीण शेवंता. ही नावं छापताना गाळू नयेत.

मी मोजलं. वन ते टेन, टेन ते वन. मग ते वाक्य म्हटलं, "काश्या, ऐकतोयस ना?" तेही माझंच नाव, माझ्याच तोंडाने. मग थांबलो. बोलून झालं की थांबायचं असतं. फ्रिजचा आवाज येत होता. बाकी लाईन मोकळी होती.